घर वाढवताना मोजपट्टी कोठून लावायची?

प्रश्न : इंग्लंडमध्ये आमचे सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एका बाजूने शेजारच्या घराला जोडलेले, घर आहे. आधीच्या मालकांनी मागच्या बाजूस दोन मीटर बाहेर आलेली कन्झर्व्हेटरी, म्हणजे काचेची खोली, बांधली होती. तिला जोडून पुढे आणखी अडीच मीटर स्वयंपाकघर वाढवण्याचा आमचा विचार आहे. तीन मीटरपर्यंत प्लॅनिंग परमिशन लागत नाही आणि एकदा बांधून चार वर्षे उलटली की कौन्सिलला काही करता येत नाही, असे शेजारी सांगतात. हे खरे आहे का?

उत्तर : तीन मीटरचा आकडा बरोबर आहे, गफलत होते ती मोजपट्टी कोठून लावायची यात. एकमजली मागील वाढीव बांधकामास अर्ज न करता जी मुभा मिळते, ती घराच्या मूळ मागील भिंतीपासून मोजली जाते, आणि मूळ घर म्हणजे ते प्रथम बांधले गेले तेव्हाचे, किंवा 1 जुलै 1948 पूर्वीचे असल्यास त्या दिवशी जसे होते तसे घर. कन्झर्व्हेटरी आपण बांधलेली नसली तरी ती वाढीव बांधकामातच धरली जाईल. म्हणजे आपले दोन अधिक अडीच असे साडेचार मीटर होतात आणि ते तीन मीटरच्या मर्यादेबाहेर जातात. घर स्वतंत्र, म्हणजे डिटॅच्ड असते तर मर्यादा चार मीटरची असती. तीही येथे ओलांडली गेली असती.

तरीही पूर्ण अर्जाशिवाय एक मार्ग उरतो. आपल्यासारख्या घरास सहा मीटरपर्यंत वाढ करता येते, मात्र काम सुरू करण्याआधी कौन्सिलला आराखड्यासह कळवावे लागते. कौन्सिल लगतच्या शेजाऱ्यांना पत्र पाठवते, हरकत घेण्यास त्यांना किमान 21 दिवस मिळतात आणि हरकत आलीच तर त्यांच्या उजेडावर व एकूण राहणीवर काय परिणाम होईल हे पाहून निर्णय होतो. तेव्हा आराखडा कौन्सिलकडे जाण्याआधी शेजाऱ्यांच्या हाती गेलेला बरा. घर कॉन्झर्व्हेशन एरियात, म्हणजे जतनासाठी राखलेल्या परिसरात, असल्यास हा मार्ग बंद असतो. उंचीची मर्यादा चार मीटर आहे, पण बांधकाम हद्दीपासून दोन मीटरच्या आत येत असेल तर छपराची वळचण तीन मीटरहून उंच चालत नाही. कुंपणाला लागून बांधणाऱ्यांची नेमकी येथेच फसगत होते.

चार वर्षांचा समज आता जुना झाला. 25 एप्रिल 2024 पासून इंग्लंडमध्ये कौन्सिलला विनापरवाना बांधकामावर कारवाई करण्याची मुदत दहा वर्षांची झाली आहे. त्या तारखेपूर्वी जवळजवळ पूर्ण झालेल्या बांधकामासच जुना नियम लागू राहतो, त्यामुळे त्याचा आधार कन्झर्व्हेटरीला मिळू शकेल, नव्या स्वयंपाकघराला मिळणार नाही.

प्लॅनिंगचा प्रश्न सुटला तरी बिल्डिंग रेग्युलेशन्सची, म्हणजे बांधकामाच्या सुरक्षितता व दर्जाविषयीच्या नियमांची, मंजुरी वेगळी घ्यावी लागते. शेजाऱ्याच्या इमारतीपासून तीन मीटरच्या आत तिच्या पायाहून खोल खोदायचे असेल, तर 1996 च्या पार्टी वॉल (सामाईक भिंत) कायद्याखाली शेजाऱ्याला किमान एक महिना आधी लेखी नोटीस द्यावी लागते. जुनी कन्झर्व्हेटरी पाडून मूळ भिंतीपासून तीन मीटरच बांधायचे ठरवलेत आणि बाकीच्या अटीही पाळल्यात, तर अर्ज लागणार नाही; तरी कौन्सिलकडून लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेट, म्हणजे बांधकाम कायदेशीर असल्याचा दाखला, अवश्य घ्यावे. नियोजित कामासाठी त्याचे शुल्क नेहमीच्या अर्जाच्या निम्मे असते आणि पुढे घर विकताना खरेदीदाराचा सॉलिसिटर मागतो ते हेच.

प्रश्न : आमचा फ्लॅट आहे. हीच मुभा आम्हास मिळेल का?

उत्तर : नाही. ती घरांपुरती आहे. फ्लॅट व मेझोनेट (दुमजली फ्लॅट) तिच्यातून वगळलेले आहेत. आतील भिंत काढण्यासारख्या अंतर्गत बदलांना सहसा प्लॅनिंग परमिशन लागत नाही, मात्र इमारत लिस्टेड, म्हणजे वारसा म्हणून संरक्षित, असेल तर आतल्या कामालाही वेगळी संमती लागू शकते. शिवाय फ्लॅट लीजहोल्ड, म्हणजे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावरचा, असल्यास करारपत्र आधी वाचावे, कारण कौन्सिलची हरकत नसली तरी भाडेपट्टा देणाऱ्या मूळ मालकाची लेखी संमती त्यात बहुधा आवश्यक ठरवलेली असते.