वाचकांचे प्रश्न : ‘स्वयम’चे क्रेडिट कुठे अडते?

प्रश्न : मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘स्वयम’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावर एनपीटीईएलचा (आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाचा) बारा आठवड्यांचा कोर्स फुकट करता येतो म्हणे. त्याचे क्रेडिट (श्रेयांक) पदवीत धरतील ना?
– एक पालक, साखळी

उत्तर : धरतील, पण कॉलेजने आधी होकार दिला असेल तर. यूजीसीच्या २०२१च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम’वरून घेता येतात. मात्र कोणता कोर्स कोणत्या विषयाच्या जागी चालेल, हे विद्यापीठ आणि कॉलेज ठरवते. म्हणून नाव घालण्याआधीच कोर्सचे नाव, कालावधी आणि अभ्यासक्रम जोडून प्राचार्यांना अर्ज द्या. मंजुरी लेखीच घ्या. बारा आठवड्यांना ३ क्रेडिट मिळतात. कॉलेजचा विषय ४ क्रेडिटचा असेल तर उरलेल्या एकाचे काय, तेही तेव्हाच विचारा. नुसते प्रमाणपत्र घेऊन नंतर गेलात तर हेलपाटेच.

फुकट आहे ते शिकणे. परीक्षेची नोंदणी वेगळी, तिचे शुल्क वेगळे, आणि पेपर केंद्रावर जाऊनच द्यायचा. कोर्सला नाव घातले म्हणजे परीक्षेलाही घातले, या समजुतीत कितीतरी मुलांची मुदत टळते.

गुणांची विभागणी असाइनमेंटला २५, परीक्षेला ७५ अशी. बारांपैकी सर्वोत्तम आठ असाइनमेंट धरतात. उत्तीर्ण व्हायला २५पैकी १० आणि ७५पैकी ३० हे दोन्ही लागतात. असाइनमेंटमध्ये ९ आणि परीक्षेत ७० पडले तरी प्रमाणपत्र नाही! जुलैच्या सत्रात मधेच चवथ येते, घर पाहुण्यांनी भरते, मुदत मात्र थांबत नाही. सोडायच्या चार असाइनमेंट त्या दिवसांसाठी राखून ठेवाव्यात, सुरुवातीलाच उधळू नयेत.

क्रेडिट जमा होते अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे विद्यार्थ्याच्या क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यात. तिथला बारा अंकी ‘अपार’ क्रमांक (विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक) डिजिलॉकरमधून काढता येतो. अडते ते बहुधा नावात : आधारवर गावकरचे इंग्रजी स्पेलिंग एक, कॉलेजच्या दप्तरी दुसरे. दुरुस्ती आधीच करून घ्या. निकालानंतर धावाधाव होते.

प्रश्न : अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मोफत नोट्स मराठीत करून मुलांना वाटू शकतो का?
– एक शिक्षक, फोंडा

उत्तर : खुशाल. या नोट्स ज्या संकेतस्थळावर असतात, त्या एमआयटी ओपनकोर्सवेअरच्या परवान्यात भाषांतराला मुभा आहे, वेगळी परवानगी नको. मूळ स्रोत द्या, भाषांतर आपले आहे हे लिहा आणि तुमच्या प्रतीलाही तोच परवाना लावा. फी घेऊन चालवलेल्या खासगी क्लासचा अभ्यासक्रम मात्र त्यावर उभा करता येणार नाही, कारण नफ्यासाठी वापर वर्ज्य आहे. काही आकृत्या आणि फोटो इतरांच्या मालकीचे असतात. ते परवान्याबाहेर असल्याची टीप खालीच असते. तेवढे वगळून आकृती स्वतः काढा.