'फायरवॉच' या व्हिडिओ गेमच्या शेवटी फसवल्यासारखं वाटलं. डेलायला भेटतच नाही! तुम्हालाही असंच वाटलं का?

वाटलं होतं. पहिल्यांदा संपवला तेव्हा मीही चिडलो. पण दुसऱ्यांदा खेळल्यावर राग दुसरीकडेच वळला. (पुढे अख्खा शेवट सांगतोय. ज्यांना खेळायचा आहे त्यांनी इथेच थांबा.)

डेलायला न भेटणं मला आता पटतं. १९८९चा अख्खा उन्हाळा गेमचा नायक हेन्री अमेरिकेतल्या वायोमिंगच्या जंगलात, वणव्यावर नजर ठेवण्याच्या मनोऱ्यावर काढतो, सोबतीला दुसऱ्या मनोऱ्यावरच्या डेलायलाचा वॉकीटॉकीवरचा आवाज. शेवटी तिच्या मनोऱ्यावर पोचतो तर ती हेलिकॉप्टरने निघून गेलेली. ती भेटली असती, तर आजारी बायकोला मागे ठेवून आल्याचं त्याला बक्षीसच मिळालं असतं.

मधलं सगळं रहस्य, म्हणजे कुंपणातलं संशोधन केंद्र, चोरून ऐकलेल्या बोलण्याचे कागद, शेवटी एका बापाच्या अपराधी मनाशी येऊन थांबतं, तेही मला चालतं. नेडचा मुलगा गुहेत दगावतो आणि नेड त्याच जंगलात लपून राहतो. हेन्रीही लपायलाच आलेला असतो.

माझी तक्रार ज्यूलियाबद्दल, म्हणजे हेन्रीच्या त्या आजारी बायकोबद्दल आहे. सुरुवातीला पडद्यावर नुसती अक्षरं येतात: ओळख, लग्न, मग तिचा स्मृतिभ्रंश. गेम विचारतो, घरी सांभाळणार की संस्थेत ठेवणार? ठाण्यात, नौपाड्यात आमच्या आजीचं हेच झालं होतं. शेवटची तीन वर्षं ती मला काकाच्या नावाने हाक मारायची, आणि याच प्रश्नावरून बाबा आणि आत्या महिनोन्‌महिने एकमेकांशी बोलले नाहीत. त्या पर्यायांपुढे मी बराच वेळ काहीच न दाबता बसलो. २०१६ सालच्या एका छोट्या स्टुडिओच्या पहिल्याच गेमने मला आमच्या मधल्या खोलीत नेऊन बसवलं होतं.

आणि मग ज्यूलिया जवळजवळ हरवतेच. अधूनमधून विषय निघतो, शेवटी डेलायला म्हणते जा, तिला भेट, आणि हेलिकॉप्टर येतं. इतकी मोठी जखम उघडायची आणि चार-पाच तास रहस्याच्या मागे पळवायचं, हे मला अजून पचत नाही.

तरीही खेळल्याचा पश्चात्ताप नाही. हातातला नकाशा, होकायंत्र, संध्याकाळचा तो केशरी उजेड, आणि त्या दोघांचे आवाज! वणव्याला नावसुद्धा आपणच सुचवायचं. उन्हाळ्यात येऊरच्या डोंगरावर रात्री आगीची लाल रेघ दिसली की हल्ली मी गच्चीत जरा जास्तच वेळ उभा राहतो.

पहिल्यांदा मी 'घरी सांभाळणार' निवडलं होतं, बाबांसारखं. दुसऱ्या वेळी आत्याचं ऐकलं, संस्था निवडली. दोन्ही वेळा ज्यूलियाला माहेरची माणसं ऑस्ट्रेलियाला घेऊन गेली. त्या रात्री आत्याला फोन केला. गेमबद्दल काही बोललो नाही, आजीबद्दल मात्र तासभर बोललो.