लेक पबमध्ये जेवते, म्हणजे नेमकं कुठे?

प्रश्न : माझी मुलगी नर्स आहे. इंग्लंडात बर्मिंगहॅमला लागून असलेल्या स्मेथविकच्या नव्या मोठ्या इस्पितळात तिला नोकरी लागली. दर रविवारी व्हिडिओ कॉल करते. दोन-तीनदा म्हणाली, "आई, आम्ही पबमध्ये जेवायला आलोय." तिच्या मागच्या टेबलावर लहान मुलं होती, पगडीवाले एक आजोबा होते. मी पीत नाही, असं ती सांगते. पण तेव्हापासून तिचे बाबा तिच्याशी धड बोलत नाहीत. आम्हाला पब माहीत ते पुण्याच्या बातम्यांतले. तुम्ही तिकडेच राहता, खरं काय ते सांगा.
— एक आई, कराड

उत्तर : ताई, मी १९९१ पासून ह्याच भागात राहते. स्मेथविक हाय स्ट्रीटवर माझं महिन्यातून दोनदा तरी जाणं होतं. हे उत्तर मुलीच्या बाबांनाही वाचून दाखवा, कारण खरी गरज त्यांना आहे.

पब म्हणजे पब्लिक हाउस. बातम्यांतल्या पबमध्ये अंधार असतो, कानठळ्या बसवणारं संगीत असतं, दारात बाउन्सर असतो. तुमची लेक जाते तो 'देसी पब'. इमारत जुन्या इंग्रजी पबची, मालक पंजाबी, आत स्वयंपाकघर आणि तंदूर. रविवारी दुपारी तिथे अख्खी कुटुंबं येतात. मुलं असतात, आज्या असतात. इथे १८ वर्षांखालच्या मुलांना दारू विकत नाहीत, पण मोठ्यांबरोबर जेवायला यायला अडकाठी नसते.

ह्या जागेमागे एक गोष्ट आहे, ती तुमच्या लेकीलाही कदाचित माहीत नसेल. जुन्या पबमध्ये दोन खोल्या असायच्या. एक पब्लिक बार : उघडी फरशी, लाकडी बाकं, कामावरून मळक्या कपड्यांत आलेले लोक, डॉमिनोज ह्या ठोकळ्यांच्या खेळाचा डाव. दुसरी स्मोक रूम : गालिचा, गाद्यांच्या खुर्च्या, आणि तोच ग्लास दोन पैसे महाग. पंजाबातून आलेले आपले लोक बर्मिडसारख्या फाउंड्र्यांमध्ये धातू ओतायचं काम करायचे. भट्टीसमोर पाळी संपवून घसा कोरडा पडला की ते पबमध्ये जायचे. तिथे त्यांना पब्लिक बारमध्ये उभं राहू द्यायचे, पण स्मोक रूममध्ये नाही. काही ठिकाणी तर उंबऱ्याच्या आतही घेत नसत. ह्याला इथे 'कलर बार' म्हणायचे, म्हणजे रंगावरून केलेला मज्जाव.

अवतार सिंग जौहल हे फाउंड्रीतले कामगार आणि इंडियन वर्कर्स असोसिएशनचे पुढारी. ते विद्यापीठातल्या गोऱ्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन पबांमध्ये जायचे. आधी विद्यार्थी ग्लास मागायचे, त्यांना मिळायचा. मग हे मागायचे, ह्यांना नकार. म्हणजे नकाराला साक्षीदार तयार. १२ फेब्रुवारी १९६५ ला अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे पुढारी माल्कम एक्स जौहलांच्या बोलावण्यावरून स्मेथविकला आले, तेव्हा एका पबच्या स्मोक रूममध्ये त्यांनाही काही दिलं नाही. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्यांची हत्या झाली. त्याच वर्षाच्या शेवटी वंशभेदाविरुद्धचा पहिला कायदा इथे लागू झाला आणि पबमालकाने रंग पाहून ग्राहक हाकलणं बेकायदा ठरलं. कायदा आला म्हणून माणसं एका रात्रीत बदलली नाहीत, पण स्मोक रूमचं दार उघडलं.

पुढे फाउंड्र्या बंद पडल्या. इथल्याच केप हिलवरची मिचेल्स अँड बटलर्सची बिअर बनवणारी अवाढव्य ब्रुअरीही २००२ मध्ये बंद झाली. जुने पब ओस पडत चालले, तेव्हा त्यातले कितीतरी ह्याच पंजाब्यांनी आणि गुजरात्यांनी चालवायला घेतले. ज्यांना आत बसू देत नव्हते, त्यांची मुलं आज काउंटरमागे उभी आहेत. हे लिहिताना मला भरून येतं, कारण त्या पिढीतले काही आजोबा मी पाहिलेत.

अजूनही दिसतात. मंगळवारी-बुधवारी दुपारी जा. खिडकीपाशी दोघं-तिघं निवृत्त कामगार, एखादा गोरा, एखादा सरदार, पुढ्यात माईल्ड नावाच्या गडद बिअरचा अर्धा पाइंट. तासभर तेवढाच पुरवतात. संध्याकाळी कामावरून सुटलेले लोक. वेस्ट ब्रॉम ह्या इथल्या क्लबची फुटबॉल मॅच असली की निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे शर्ट घातलेली गर्दी. एरवी कुणाला तिखट सोसत नाही म्हणावं, तर हीच मंडळी मॅचआधी मिक्स्ड ग्रिल मागवतात. ती लोखंडी ताटली चरचरत येते : खाली कांदा, वर टिक्के, सीख कबाब, मटणाच्या चॉप, लिंबाची फोड. वाफेने चष्मा धुरकट होतो. नान हाताने तोडायचा, काटेचमचे तसेच पडून राहतात. आणि रविवारी तुमच्या लेकीसारखे.

सगळंच गोड आहे असं मी म्हणणार नाही. पिण्याने संसार मोडलेली घरं मला ह्याच गल्ल्यांमध्ये माहीत आहेत. सगळे पबही सारखे नाहीत. मॅच संपल्यावरची गर्दी मला आवडत नाही, त्या वेळी एकटीने जाऊ नको असं मी माझ्या भाचीलाही सांगते. लेकीलाही सांगा. पण तिच्यावर अविश्वास दाखवू नका.

माझी एक आठवण सांगते. १९९२ च्या हिवाळ्यात बस चुकली म्हणून मी आणि माझे मिस्टर एका पबमध्ये शिरलो. पबमध्ये वेटर येत नाही, काउंटरवर जाऊन मागायचं असतं. रांग दिसत नाही, पण कोण कुणाच्या आधी आलं हे प्रत्येकाच्या डोक्यात पक्कं असतं. मी हातात नोट धरून उभी, आणि काउंटरमागचा माणूस माझ्या डोक्यावरून बघत मागून आलेल्या तिघांना ग्लास भरून देत राहिला. चौथा नंबर एका म्हाताऱ्या गोऱ्या माणसाचा लागला. तो म्हणाला, "माझ्याआधी ह्या बाई आहेत." आणि मला संत्र्याचा रस मिळेपर्यंत त्याने स्वतःचं काही सांगितलं नाही. त्या पबचं नाव मी कुणाला सांगत नाही. तो माणूस मात्र आजही डोळ्यांसमोर आहे.

तेव्हा बाबांना म्हणावं, पुढच्या रविवारी कॉल आला की लेकीला नुसतं विचारा, "आज काय मागवलंस?"

प्रश्न : तिथे शाकाहारी माणसाला काही मिळतं का? आम्ही माळकरी आहोत.
— त्याच

उत्तर : मिळतं. पनीर टिक्का असतो, मसाला लावलेल्या बटाट्याच्या चिप्स असतात. पण तंदूर आणि तेल वेगळं आहे का, हे काउंटरवर स्पष्ट विचारायचं, त्यात कुणाला राग येत नाही. आणि मोगो नक्की मागवा. मोगो म्हणजे कसावा, ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तोच. पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती लोकांनी तो इथे रुजवला. एरवी तो लसूण-मिरचीत घोळवून देतात. लसूण नको असेल तर नुसता तळून, मीठ घालून द्या म्हणायचं.