आपला गणपती पण म्युझियममध्ये जाणार का?

मनू, परवा इजिप्तच्या मूर्तींसमोर तू विचारलंस, "आई, यांची पूजा करणारं कोणीच उरलं नाही, मग आपला गणपती पण एक दिवस इथे येणार का?" मी पटकन नाही म्हटलं, पण प्रश्न लागला गं मनाला.

त्यांचं नंतर वाचलं मी. नाईलमधल्या फिली बेटावर ३९४ साली एका पुजाऱ्याने चित्रलिपीत लेख कोरला, त्यानंतरचा एकही सापडलेला नाही. राजे ख्रिश्चन झाले, देवळं बंद पडत गेली, आणि ती लिपी पुजाऱ्यांपलीकडे कोणाला येतच नव्हती.

पण मला आठवली आपली नाशिकची पांडवलेणी. रविवारी आम्ही सगळी भावंडं चढायचो, आजी मागून हळूहळू, डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, आणि वर पोचलं की ती सांगायची, पांडव इथे राहायचे बरं का, या मूर्ती त्यांच्याच. आम्ही हात जोडायचो. तिथे बुद्ध आहे हे मला कॉलेजात कळलं! एका लेण्यात उषवदाताचा, म्हणजे नहपान राजाच्या जावयाचा, लेख आहे, त्याने साधारण १९०० वर्षांपूर्वी विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या संघांकडे, ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेवले, मुद्दल परत घ्यायचं नाही, व्याजातून भिक्खूंना चीवरं, म्हणजे त्यांची वस्त्रं, वगैरे द्यायची. एवढी पक्की सोय, तरी भिक्खू गेले आणि ते कोण होते हे खालच्या गावालाही आठवेना.

आणि तोच धर्म परत आला. ज्या काळारामाला आजी मला न्यायची, तिथे दलितांना आत जाऊ द्यावं म्हणून १९३० मध्ये बाबासाहेबांनी सत्याग्रह सुरू केला, वर्षानुवर्षं चालला तरी दार उघडलं नाही, मग १९३५ ला येवल्यात म्हणाले हिंदू म्हणून मरणार नाही, आणि १९५६ ला नागपूरला लाखो लोकांसोबत बौद्ध झाले. आजीने हे कधीच सांगितलं नाही. देव आपले म्हणायचे आणि माणसांना दाराबाहेर ठेवायचं, मग ती थांबतील कशाला?

म्हणून तुला शुभंकरोतीला बस म्हणते तेव्हा माझंही मन दोन्हीकडे असतं. आजी कारण सांगायची नाही, दिवा लागला की आम्ही बसायचो, झालं. इथे मी कारणं सांगत बसते आणि ती मलाच अर्धी पटतात. तरी तिचा तो चढा आवाज तुझ्या कानावर पडावा असं फार वाटतं. जबरदस्ती नाहीये, फक्त नुसता कंटाळा आला म्हणून सोडू नकोस, पटत नसेल तर आधी माझ्याशी भांड.

डिसेंबरात नाशिकला गेलो की तो लेख दाखवते. मामाला आत्ताच सांगून ठेव, ऊन चढायच्या आत निघायचंय.