पायरीवरचा चहा

प्रिय ताई,

सासूबाई चार वर्षं अंथरुणाला खिळलेल्या, सगळं तुम्हीच केलंत. त्या जाऊन आठ महिने झाले. आता सकाळी मागच्या पायरीवर बसून अर्धा तास चहा पिता, आवडते म्हणून मासळी आणता. पुण्याच्या नणंदबाई फोनवर म्हणाल्या, "वहिनीची चंगळ सुरू झाली!" तेव्हापासून चहा घशाखाली उतरत नाही. 'मी सुखाला हपापलेय का?' असं विचारलंयत.

नाही हो ताई. चंगळ म्हणजे मागचापुढचा विचार न करता केलेली उधळण. सुखवाद वेगळा. सुख हेच आयुष्यातलं खरं मोल असं तो मानतो, पण कुठलं सुख घ्यावं याचा हिशेबही मांडायला लावतो. ग्रीक सुखवादी एपिक्युरसच्या लेखी सुख म्हणजे शरीराला वेदना नाही, मनाला घोर नाही. मेजवानी करायची तर हा माणूस मित्राकडे चीजचं लहानसं मडकं मागायचा! ज्या सुखामागून जास्त त्रास येतो ते सोडावं, असं तो सांगे. तुमच्या चहामागून काय आलं? एक टोमणा.

आणि तो चहा इतका गोड का लागतो? ख्रिस्तपूर्व ३९९ मध्ये, देहदंडाच्या दिवशी, तुरुंगात ग्रीक तत्त्वज्ञ सॉक्रेटिसच्या पायातली बेडी काढली. पाय चोळत तो म्हणाला, सुख आणि दुःख एकत्र येत नाहीत, पण एकाला धरलं की दुसरं मागोमाग येतंच. जणू एकाच डोक्याला जोडलेली दोन शरीरं. त्याचा शिष्य प्लेटोने हे लिहून ठेवलंय. चार वर्षं तुमचा कप ओट्यावर निवत राहिला, वर साय धरली. हाक आली की तुम्ही उठायचात. आता तुम्ही पाय चोळताय. बेडी सासूबाई नव्हत्या, त्यांचं आजारपण होतं, आणि ती त्यांच्याही पायात होती.

चहा पिताना मध्येच डोळे भरून येतात, असंही लिहिलंयत. येऊ देत. परलोक न मानणाऱ्या आपल्याकडच्या चार्वाकांचं 'ऋण काढून तूप प्या' तेवढं आपण लक्षात ठेवलं. पण काटे असतात म्हणून कुणी मासे टाकत नाही, हेही त्यांच्याच नावावर 'सर्वदर्शनसंग्रह' या जुन्या संस्कृत ग्रंथात आहे. तुम्ही रत्नागिरीच्या, तुम्हाला मी काय सांगू!

नणंदबाईंवर मात्र रागावू नका. त्यांची आई गेलीय, आणि त्या लांब होत्या. तुम्हाला रोज थोडा थोडा निरोप घेता आला, त्यांना नाही. दिवाळीला आल्या की पायरीवर दोन कप ठेवा. लहानपणी आई त्यांना काय करून घालायची, ते विचारा.

तुमची,
मावशी