आधी धडधड की आधी भीती?

प्रश्न : डॉक्टर, मी रोज डोंबिवलीहून फास्ट लोकलने दादरला येते. ठाण्याला गाडी खच्चून भरली की छाती धडधडायला लागते आणि मग एकदम घाबरायलाच होतं. ईसीजी, टूडी इको, थायरॉइड सगळं नॉर्मल. घरी जिने चढले तरी तेवढीच धडधड होते, पण तेव्हा भीतीबिती काही वाटत नाही. नवरा म्हणतो सगळं तुझ्या डोक्यात आहे. खरंय का?

उत्तर : नवऱ्याला अर्धे मार्क. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1884 सालीच म्हटलं होतं की आपण घाबरतो म्हणून छाती धडधडते असं नाही, धडधडते म्हणून आपल्याला भीती जाणवते. पण हे तपासायचं कसं, कारण ठोके वाढवायला औषध दिलं तर ते अंगभर पसरतं, मेंदूतही जाऊ शकतं, मग भीती नक्की कुठून आली ते कसं कळणार.

2023 मध्ये स्टॅनफर्डच्या कार्ल डायसेरॉथ यांच्या टीमने भारी आयडिया केली. उंदरांच्या हृदयाच्या पेशींमध्ये प्रकाशाला प्रतिसाद देणारं प्रोटीन बसवलं आणि उंदरांना चक्क छोटं जॅकेट घातलं, त्यात लाल एलईडी. दिवा लुकलुकला की हृदय त्याच तालावर, मिनिटाला साधारण 660 ठोक्यांवरून थेट 900 वर! आता तुमच्या जिन्याची गोष्ट बघा. एखाद्या जागी नुसते ठोके वाढवले म्हणून उंदीर त्या जागेपासून पळाले नाहीत, पण उघड्या, धोका वाटणाऱ्या जागी जायला मात्र कचरायला लागले आणि पाणी पिताना मधूनच शॉक बसण्याची शक्यता असेल तर पाण्याकडे कमी वळले. म्हणजे धडधड तीच, पण आजूबाजूला काय चाललंय त्यावर सगळं ठरतं. मेंदूत इन्सुला म्हणून एक भाग आहे जो शरीराच्या आतली खबर घेतो, त्याचा मागचा भाग शांत केला तर ठोके तेवढेच राहूनही उंदरांची घाबरगुंडी कमी झाली.

उंदीर म्हणजे डोंबिवलीकर नव्हे हे मान्य, पण तुमची धडधड खरी आहे, गर्दीत मेंदू तिचा अर्थ धोका असा लावत असणार आणि त्या भीतीने ठोके अजून वाढतात. (हातात स्मार्टवॉच असेल तर गाडीत दर मिनिटाला आकडा बघणं बंद करा प्लीज, तो आकडाच घाबरवतो!)

गाडीत श्वास सावकाश सोडा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा. श्वास सोडताना वेगस नर्व्हचा, म्हणजे मेंदूकडून हृदयाकडे येणाऱ्या नसेचा जोर वाढतो, ती हृदयापाशी ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सोडते आणि ठोके मंदावतात. ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने 1921 मध्ये बेडकाच्या हृदयावर दाखवलं होतं की वेगस असंच रसायन सोडून हृदय आवरते, पुढे 1936 चं नोबेलही मिळालं. तरी गाडी सोडून देण्यापर्यंत वेळ आली तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, यावर सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी समुपदेशनाची पद्धत) चांगली लागू पडते. आणि छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर जुना नॉर्मल रिपोर्ट धरून बसू नका, लगेच दाखवा.