अक्का, बारावी सोडू नकोस

धाकटी झोपेत तुला ‘अम्मा’ म्हणते आणि तू गप्प राहतेस, हे तू पत्राच्या अगदी शेवटी, सही करून झाल्यावर लिहिलंयस. झोपेतल्या लेकराला दुरुस्त करू नकोसच. पण जागेपणी घरातल्या मोठ्यांनीही तुला त्याच जागी बसवलंय. ते दुरुस्त व्हायला हवं, आणि कोर्स कोणता घ्यायचा हे त्यानंतरच नीट ठरवता येईल.

तू सतरा वर्षांची, बारावी सायन्सला. घरी बिड्या वळणारी आई श्रावणात गेली. वडील सोलापुरात अक्कलकोट रोडला कारखान्यात रात्रपाळीला. भाऊ सातवीत, बहीण दुसरीत. पहाटे उठून स्वयंपाक, डबे, धाकटीची वेणी. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्या दिवशी कॉलेज बुडतंच. नर्स व्हायचं होतं. आता विचारतेस, कॉलेज सोडून युनिफॉर्म शिवायला जाऊ, की आर्ट्स घेऊन बाहेरून परीक्षेला बसू?

दोन्ही नको. बाहेरून बसायचं तर १७ नंबरचा फॉर्म भरावा लागतो आणि या वर्षीची ती वेळ गेली. म्हणजे सोपं करायला जाशील आणि एक वर्ष गमावशील. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत आहे. उरलेले महिने कसेही काढ, पण सायन्सचीच बारावी दे. एखादा विषय राहिला तर जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते. हजेरी कमी पडेल अशी भीती असेल तर आईच्या निधनाचा दाखला जोडून प्राचार्यांना आजच लेखी अर्ज दे. परीक्षा तोंडावर आल्यावर सांगितलं तर त्यांच्याही हातात फारसं काही राहत नाही.

नर्सिंगचं म्हणशील तर रस्ता एकच नाही. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. त्याला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि सीईटी लागते. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) तीन वर्षांचं, एएनएम (सहायक परिचारिकेचा कोर्स) दोन वर्षांचं. या दोन्हींना बारावी हवीच, पण सायन्सच हवं असं नाही. मार्क कमी पडले तरी दार बंद होत नाही, ते यामुळे. तुझ्या घराकडे बघता माझा कल जीएनएमकडे आहे. पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला तर तू शिकून बाहेर पडशील तेव्हा भाऊ दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला असेल. नंतर नोकरी करताना पोस्ट बेसिक बी.एस्सी. (जीएनएमनंतरची नर्सिंगची पदवी) करता येतं. मात्र सोलापुरातल्याच कॉलेजात, हॉस्टेलवर न राहता घरून ये-जा चालेल का, हे प्रवेशाआधी स्वतः जाऊन विचार.

फीची धास्ती आत्ता घेऊ नकोस. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या मुलींसाठी २०२४ पासून शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. तू निवडशील त्या कोर्सला ती लागू आहे का ते बघून घे. धावपळ होते ती कागदांची. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि विशेषतः जात पडताळणी यांना वेळ लागतो. बारावी सायन्सला असतानाच कॉलेजमार्फत पडताळणीचा अर्ज करता येतो, तो या आठवड्यात कर.

आता पुढचं वडिलांना वाचून दाखव.

दादा, लोक तुमच्या मुलीला ‘किती गुणाची पोर’ म्हणतात. आहेच ती. पण त्या कौतुकाआड तिचं शिक्षण सुटत चाललंय. तुम्ही रात्रपाळी करून थकून येता, हे मला कळतं. तरी सकाळी धाकटीला शाळेत सोडून मग झोपता येईल. पाण्याच्या दिवशी घागरी तुम्ही आणि मुलानं भरायच्या. बारा वर्षांचा मुलगा भात लावू शकतो, स्वतःचे कपडे धुऊ शकतो. मुलगा म्हणून त्याला त्यातून सूट देऊ नका.

दुसरं, तुमच्या बायकोचा पीएफ. पत्रात त्याचा उल्लेख नाही म्हणून विचारते. बिडी कारखान्याच्या कार्डावर ती वळत होती, तर तिचा पीएफ कापला जात असणार. शिल्लक रकमेसाठी फॉर्म २०, पेन्शनसाठी १०-डी, विम्यासाठी ५-आयएफ असे तीन फॉर्म असतात. वारस म्हणून नवऱ्याला पेन्शन बसू शकते आणि पंचवीस वर्षांच्या आतल्या दोन मुलांनाही. अनेक घरांत फक्त शिल्लक काढतात आणि पेन्शन, विमा तसाच राहून जातो. तिचं कार्ड, मृत्यूचा दाखला आणि बँक पासबुक घेऊन आधी कारखान्याच्या ऑफिसात आणि तिथून पीएफ ऑफिसात जा. एजंटाला पैसे देऊ नका, फॉर्मला पैसे लागत नाहीत.

तिसरं, बालसंगोपन योजना. आई किंवा वडील गेलेल्या, अठरा वर्षांखालच्या मुलांना महिन्याला २,२५० रुपये मिळतात. दोघा धाकट्यांचे अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्या. घरी चौकशीला माणूस येतो, मग बाल कल्याण समिती आदेश काढते. पैसे लगेच सुरू होत नाहीत, म्हणून उशीर नको. हे मंजूर झालं तर युनिफॉर्म शिवून ती जे आणणार होती, त्यातलं बरंचसं असंच घरात येईल.

आणि अक्का, रोज संध्याकाळी सात ते नऊ तू घरात असूनही नसशील, असं तिघांनाही सांग. घरी जमत नसेल तर शेजारच्या मावशींच्या घरी पुस्तकं घेऊन जा. पहिल्या आठवड्यात भात करपेल, धाकटी रडेल. उठून जाऊ नकोस. बायोलॉजीचा कोणता धडा अडलाय ते मला पुढच्या पत्रात लिही.